शिडीवाल्याचा बंद पडलेला हात

माणूस म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं मनात अढी ठेवून सांगितलं. अढी ठेवूनच सांगतेय. बावीस वर्षं मी डायलिसिसच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम करतेय. सगळे मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही हे सांगून सांगून जीभ झिजली, आता कुणी मावशी म्हटलं तरी ओ देते. या बावीस वर्षांत रडणारे पाहिले, आम्हाला शिव्या घालणारे पाहिले, चार तास तोंडावर पांघरूण ओढून पडणारे पाहिले. सगळ्यांशी कसंबसं जमवून घेतलं. या एकाशी जमलं नाही.

त्याचा धंदा होर्डिंग लावायचा. रस्त्याच्या कडेला ते लोखंडी सांगाडे असतात ना, पाच-सहा मजले उंच, त्यांच्यावर चढून जाहिरातीचा फ्लेक्स चारी बाजूंनी ताणून बांधायचा. शिडी जिथं संपते तिथून पुढं कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं. त्याची बायको त्याच्याच कामावर. हा वर, ती खाली दोर धरून. दोघांनी मिळून अर्ध्या शहराच्या डोक्यावर साबण आणि फ्लॅट लटकवले असतील. आमच्या खोलीत त्याला सगळे शिडीवाला म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. वाऱ्यात लोंबकळत विडी ओढल्याच्या गोष्टी तो शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याला ऐकवायचा. म्हातारा बहिरा होता, म्हणून बरं.

रक्तदाबाची गोळी म्हणजे बायकी थेर, असं त्याचं मत. त्या मतानं त्याच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. आमच्याकडे आणला तेव्हा श्वास लागलेला, पाय खांबासारखे सुजलेले. अर्धवट शुद्धीत असतानाच डॉक्टरांनी मानेच्या शिरेत नळी घातली आणि आम्ही मशीन चालू केलं. चौथ्या दिवशी साहेब उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले की इथला चहा पाणचट आहे.

आता ही मानेतली नळी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळा तमाशा तिच्यावरूनच झाला. रक्त अंगातून मशीनमध्ये न्यायचं आणि धुऊन परत अंगात सोडायचं, तर त्यासाठी एक वाट हवी. मानेतली नळी ही घाईची वाट. तिला सुई लागत नाही. टोपण काढा, जोडा, झालं. त्यामुळे रोगी तिच्या प्रेमात पडतात. पण ती नळी थेट काळजाच्या दारात उघडते. तिच्यातून एकदा जंतू आत शिरले की माणूस तासाभरात थडथड उडायला लागतो. शिवाय ज्या शिरेत ती बसते ती शीर आतून आवळत जाते, ते वेगळंच. खरी टिकाऊ वाट म्हणजे फिस्टुला. सर्जन हातातली शीर कापून शेजारच्या धमनीला जोडतो. धमनीच्या जोरानं दीड-दोन महिन्यांत शीर फुगून जाड होते, वर बोट ठेवलं की घरघर लागते. आम्ही त्यालाच सरळ ‘हात’ म्हणतो. हात चालू आहे, हात बंद पडला, असं. ज्यांच्या शिरा अगदीच नाजूक त्यांना कातडीखाली प्लास्टिकची नळी बसवतात. पण हात असो की प्लास्टिक, दर वेळी दोन सुया आल्याच. एक रक्त ओढायला, एक परत सोडायला. आठवड्यातून तीनदा. आणि सुई कसली, जवळजवळ बॉलपेनच्या रिफिलसारखी.

त्याचा पहिला हात डाव्या मनगटाशी केला. दीड महिन्यानं पहिल्या सुईचा दिवस आला. नवीन हाताला पहिली सुई घालायचं काम तेव्हा खोलीत माझ्याकडेच असायचं. उगाच नाही, माझा हात बसलेला होता, सर्जनसुद्धा म्हणायचे की पहिली सुई तुम्हीच घाला. शिडीवाला खुर्चीत बसला तेव्हा त्याचा रंग उडालेला होता. सहा मजले चढणारा माणूस, पण सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज आला आणि त्याच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. त्यानं मला एकच गोष्ट विचारली, किती दुखेल. मी जे हजार जणांना सांगितलं असेल तेच सांगितलं.

“काही नाही हो. मुंगी चावल्यासारखं.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढं केला. मी सुई घातली. तो कोपरापासून उडाला आणि सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून आरपार गेली. बघता बघता हात वांग्यासारखा फुगला, निळा-काळा. शिडीवाल्याचे डोळे पांढरे झाले आणि तो खुर्चीतच घसरला. पाय वर केले, पाणी मारलं, पाच मिनिटांनी शुद्धीवर आला. उठल्या उठल्या सगळ्या खोलीसमोर मला म्हणाला, “खोटारडी.”

तेवढ्यावर थांबला असता तर मी गिळलं असतं. पण पठ्ठ्यानं वरच्या डॉक्टरांकडे लेखी तक्रार केली. हात पंधरा दिवस विश्रांतीला ठेवायचं ठरलं, तोवर मानेतली नळी होतीच. पंधरा दिवस संपायच्या आत हात बंद पडला. घरघर गेली, शीर दोरीसारखी कडक. मग काय विचारता. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं की काही दिवस नवीन हातांना तुम्ही सुई घालू नका. बावीस वर्षांतला हा पहिला ठपका. आणि ज्या दोन पोरींना मीच सुई धरायला शिकवलं, त्या आता माझ्यासमोर नवीन हात घ्यायच्या आणि माझी नजर चुकवायच्या. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शिडीवाल्यानं माझं नाव मुंगी ठेवलं. “मुंगी आली का ड्युटीवर?” हे दारातून आत येताना. “मुंगीला सांगा माझी खुर्ची मागं करायला.” बहिऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा हे ऐकू गेलं. खोलीतले चार-पाच जण हसायचे. मीही काही कमी नव्हते. त्याचं वजन दोन सिटिंगच्या मधल्या दिवसांत चार-चार किलो वाढायचं, म्हणजे साहेब घरी तांब्यानं पाणी ढोसत होते. मी ते आकडे मोठ्यानं वाचायची, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असे. आमचं बोलणं एवढंच.

त्याची बायको मात्र कधी आत यायची नाही. बाहेर पाण्याच्या कूलरशेजारी बाकावर बसायची, चारही तास. हातात काही नाही, मोबाइल नाही, डुलकी नाही. अंगानं दणकट, तळहातावर दोरानं कापल्याचे जुने व्रण. मी जाता-येता मान हलवायची, ती हलवायची. मला तिची कीव यायची. असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे काय चेष्टा आहे.

मानेतल्या नळीवरच वर्ष काढल्यावर दुसरा हात डाव्याच कोपरापाशी केला. या वेळी एक आक्रीत घडलं. शिडीवाला शहाण्यासारखा वागायला लागला. भिंतीवर मी स्वतःच्या अक्षरात एक कागद लावलाय, हात जपण्याचे नियम. या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, घड्याळ नको, घट्ट बाही नको, पिशवी अडकवू नका, हात उशाखाली घेऊन झोपू नका. तो कागद कुणी वाचत नाही. शिडीवाला उभा राहून वाचायचा. मग येऊन मला प्रश्न विचारायचा, अगदी नीट, मुंगी न म्हणता. घट्ट बाहीनं खरंच बंद पडतो का? म्हणजे किती घट्ट? किती वेळ? मला वाटलं, चला, मानेत दुसऱ्यांदा जंतू झाले, थंडी वाजून मरता मरता वाचला, तेव्हा अक्कल आली. मी सविस्तर सांगितलं. म्हटलं, नवीन हात असताना कुणी पट्टा घट्ट बांधून तासभर ठेवला तर संपलंच समजा. रक्त तुंबतं, गोठतं, परत चालू होत नाही. तो मान डोलवत ऐकत होता. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा की तो शिडीवाला सुधारला.

दोन महिने होत आले, पुढच्या सोमवारी पहिली सुई ठरली. शनिवारी तो आला तेव्हा हात बंद. एकही सुई न लागता. सर्जन बघायला आले, बोटांनी चाचपलं. मग त्याच्यासमोरच मला आणि डॉक्टरांना सांगितलं की मानेच्या शिरा आतून आवळल्यात, ही नळी बिघडली तर तिथं दुसरी बसेल याची खात्री नाही. प्लास्टिक घालायचं म्हटलं तरी डाव्या बाजूचं रक्त जायला वरची शीर मोकळी नाही. उजव्या दंडात एक चांगली शीर आहे. ती शेवटची. ती गेली की मांडीतली नळी, आणि मांडीतली नळी किती दिवस टिकते ते तुम्हाला ठाऊक आहे. शिडीवाला छताकडे बघत होता. मला त्या क्षणी त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. शत्रू असला तरी माणूस आपल्या खुर्चीतला आहे.

डॉक्टर आणि सर्जन गेल्यावर मी शिडीवाल्याच्या बाहीची घडी वर सरकवली आणि मला वळ दिसला. कोपराच्या वर, दंडाभोवती गोल, दोन बोटं रुंद. कडेनं बारीक वीण उमटलेली, जाड नाड्याची असते तशी. मध्ये जांभळा, कडेला पिवळा पडत चाललेला. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, झोपेत दाबला गेला. मी म्हटलं, झोपेत दाबला गेला तर एका बाजूला वळ येतो, हा सगळीकडून फिरलाय. आणि मग मला ते सगळे प्रश्न आठवले. किती घट्ट. किती वेळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कागदावर हात कसा जपायचा ते लिहिलंय, तो कागद या माणसानं हात कसा मारायचा म्हणून वाचला होता, आणि जिथं अडलं तिथं मला विचारून घेतलं होतं. आणि मी गाढवीण, खूश होऊन त्याला शिकवणी देत होते.

“पहिला पण तुम्हीच बंद केलात?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. हो म्हणून. लाज नाही, शरम नाही. चौदा महिने मी त्या हाताचं पाप डोक्यावर घेऊन वावरत होते. पोरी माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मी रात्र रात्र विचार केला होता की सुईचा कोन चुकला का, मी घाई केली का, माझा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही का. आणि हा इथं बसून मुंगी मुंगी करत होता.

मी म्हटलं, तुमच्या बायकोला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते. चार-चार तास बाकावर बसते ती बाई तुमच्यासाठी, तिला कळू दे कोणासाठी बसते ते. मला वाटलं आता हातापाया पडेल. तो हसला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला, आणि म्हणाला, “सांगा.”

मी हातमोजे काढून फेकले आणि तशीच बाहेर गेले. बायको बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं एका दमात ओकले. वळ, पट्टा, दोन्ही हात, मला विचारलेले प्रश्न. आवाज चढला होता माझा, कूलरवर पाणी भरणारा माणूस बाटली अर्धी ठेवून निघून गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, दचकलीही नाही.

“एका हातानं तेवढा घट्ट पट्टा बसतो होय, बाई?” ती म्हणाली. “मीच बांधला.”

मी खाली बसले. बाकावरच, तिच्या शेजारी.

मग ती बोलली. सावकाश, माझ्याकडे न बघता. त्यांच्या कामाची एक रीत आहे म्हणाली. वर लटकलेला माणूस सैल म्हणाला की सैल सोडायचं, आवळ म्हणाला की आवळायचं. का म्हणून विचारायचं नाही. वरच्याला काय दिसतंय ते खालच्याला दिसत नाही, आणि विचारत बसलं तर तेवढ्यात जीव जातो. भांडायचं ते खाली उतरल्यावर. सव्वीस वर्षं ती असंच वागत आली. पहिल्या वेळी हे घरी आले, हात फुगलेला, अंग थरथरत होतं, आणि कपाटातून तो कामाचा जुना पट्टा काढून म्हणाले, आवळ. मी आवळला, म्हणाली. दुसऱ्या वेळी पण तसंच.

“मला वाटलं उतरल्यावर भांडीन,” ती म्हणाली. “हे खाली उतरतच नाहीत.”

मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी म्हटलं, अहो, हा दोर नाही, जीव आहे. तुम्ही दोघांनी मिळून दोन हात मारलेत, आणि ठपका माझ्या नावावर लागलाय. मी काय काय बोलले ते आता आठवतही नाही, आणि जे आठवतं ते सांगण्यासारखं नाही. तिनं तेही ऐकून घेतलं. मग तिनं मान वळवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

“खालच्यानं वरच्याशी खोटं बोलायचं नसतं,” ती म्हणाली. “दोर सरकला तर सरकला म्हणायचं. तुम्ही ह्यांचा हात धरून मुंगी म्हणालात.”

माझ्याकडे उत्तर होतं. सगळेच तसं म्हणतात, हे उत्तर होतं. आम्हाला शिकवणाऱ्या बाईसुद्धा मुंगीच म्हणायच्या. घाबरलेल्या माणसाला दुखेल म्हणून सांगितलं तर तो आणखी घाबरतो, हेही होतं. एकही मी बोलले नाही, कारण ती बाई बरोबर बोलत होती आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं. मी उठले आणि आत गेले.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना आणि सर्जनना सगळं सांगितलं. सांगावंच लागलं, शेवटची शीर उरली होती. डॉक्टर म्हणाले, असं होय. एवढंच. माफी वगैरे काही नाही, माझ्यावरचा ठपका त्या ‘असं होय’मध्येच निघून गेला. सर्जन मात्र भडकले. म्हणाले, मी काय यांच्यासाठी खेळणी बनवतो का, मी तिसरा हात करणार नाही. शिडीवाला म्हणाला, नका करू. मी नळीवरच बरा आहे. बायकोला आत बोलावलं. ती पहिल्यांदा त्या खोलीत आली, खुर्च्या, मशीन, नळ्या सगळं एकदा बघून घेतलं आणि सर्जनना म्हणाली की तुम्ही करा, आता पट्टा आवळणारं घरात कुणी नाही. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो पट्टा एका पिशवीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला. हा तुमच्याकडे असू द्या, म्हणाली. मी तो कपाटात टाकला.

उजव्या दंडात तिसरा हात झाला. पुढचे दोन महिने खोलीत शिडीवाला कुणाशी बोलला नाही. घरी बायकोशीही फारसा नाही, असं तीच म्हणाली. सकाळी उठलं की ती त्याच्या दंडावर तळहात ठेवायची, घरघर आहे का बघायची आणि आपल्या कामाला लागायची. त्यानं एकदा म्हणे तिला विचारलं की तुला मला मारायचंय का. तिनं तळहात तसाच त्याच्या दंडावर ठेवला. माझ्याकडे तो बघायचा तो नुसता दात-ओठ खात. मीही त्याचं वजन मोठ्यानं वाचणं सोडलं नव्हतं. आम्हा तिघांची तोंडं तीन दिशांना होती आणि मध्ये तो हात तेवढा जोरात चालला होता. नळी मात्र दिवसेंदिवस कुरकुरत होती. मशीन दर दहा मिनिटांनी ओरडायचं, रक्त नीट येत नाही म्हणून. वाट बघायला आता वेळ उरला नव्हता.

सुईचा दिवस ठरला तेव्हा डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, कोणी सुई घालायची. तिघींपैकी कोणीही. मी मुद्दाम पाठ फिरवून ट्रे लावत होते. मला माहीत होतं काय उत्तर येणार. मुंगी सोडून कोणीही.

“तीच,” तो म्हणाला. “तिला आता खोटं बोलायची सोय नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणू शकले असते. मला नाहीच म्हणायचं होतं. हा हात माझ्या सुईनं फुटला असता तर त्यानंतर मी त्या खोलीत तोंड दाखवू शकले नसते, आणि तो तर राहिलाच नसता. मी म्हटलं, तासभर आधी या, दंडावर मलम लावायचंय.

बधिर करणारं मलम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवलं. त्याला अर्धवट आडवं केलं, पाय वर. शुद्ध जाणारे बहुतेक बसल्या बसल्याच जातात. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी सांगितलं, पोटऱ्या आणि मांड्या घट्ट आवळा, सोडा, परत आवळा, डोक्यात रक्त राहील. उजवा हात मात्र ढिला. मग मी सुईचं पाकीट त्याला दाखवलं. बारीकातली बारीक घेतली होती, तरी त्याला ती भाल्याएवढी दिसली असणार.

“दुखेल,” मी म्हटलं. “मलमानं वरचं कमी होईल, आतलं नाही. एक सुई दहा सेकंद. मी मोठ्यानं मोजणार. हललात तर गेल्या वेळसारखं होईल आणि मग माझ्याकडे काही उपाय नाही.”

त्यानं दाराकडे बघून हाक मारली. “ए.” दार उघडंच होतं. बाकावर बसलेल्या बायकोची पाठ दिसत होती. तिला ऐकू गेलं, कारण तिचे खांदे हलले. ती उठली नाही. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली, या वेळी आवाज फुटला. ती पाठ तशीच राहिली. मला तेव्हा तिचा राग आला. एवढं कठोर कशाला व्हायचं? मग माझ्या लक्षात आलं की ती आत आली असती तर त्यानं तिला सांगितलं असतं, थांबव हे. आणि नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

तो वळला, हात ढिला सोडला आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. मला, माझ्या घराण्याला, मला शिकवणाऱ्यांना, माझ्या दिवट्या बोटांना. वर सांगाड्यावर माणसं काय भाषा बोलत असतील ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या आईचं नाव त्यात इतक्यांदा आलं की ती जिवंत असती तर पदर खोचून आली असती. मी मोजत होते. एक, दोन, तीन. चारला कातडी गेली, सहाला शीर लागली, रक्त नळीत उसळलं. तो ओरडला. हात हलला नाही. मी चिकटपट्टी लावली आणि म्हटलं, एक झाली, दुसरी याहून वर आहे आणि तिथं मलम नीट लागलेलं नाही, जास्त दुखेल. तो रडत होता. रडत रडतच शिव्या देत होता. मी परत एकपासून मोजायला घेतलं. माझ्या हाताचा घाम मोज्यात साचला होता. पाय आवळा, मी म्हटलं, आणि त्यानं आवळले.

दुसरी बसली. मशीन चालू झालं. महिन्याभरात पहिल्यांदा ते न ओरडता चाललं. शेजारचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला, त्याला काय समजलं होतं देव जाणे. शिडीवाल्यानं त्यालाही एक शिवी हासडली. मी हातमोजे काढले, मागच्या पाण्याच्या टाकीच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. त्या माणसाबद्दल मला प्रेम वाटलं असं कुणी समजू नये. तो मला आजही आवडत नाही आणि त्याच्या लेखी मी मुंगीच आहे.

चार तास तो झोपला नाही. दंडातल्या दोन सुयांकडे टक लावून बघत पडला होता. संपल्यावर सुया काढल्या, त्यानं स्वतः कापूस धरला, पंधरा मिनिटं दाबून बसला. मग उठला आणि भिंतीचा आधार न घेता बाहेर गेला. मी वजनाचा कागद घेऊन मागोमाग गेले, म्हणून मला दिसलं. तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला. चेहऱ्यावर रडल्याचे ओघळ वाळलेले होते, ते पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

“दोन्ही घेतल्या,” तो म्हणाला.

तिनं उठून त्याच्या दंडावर, पट्टीच्या थोडं वर, तळहात ठेवला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. घरघर लागली असणार, कारण तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

“मला नका सांगू,” ती म्हणाली. “परवा परत आहे.”